एकशे अठ्ठावीसची पट्टी

आमच्या घरातला पहिला संगणक 1998च्या जानेवारीत, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरलेली असताना आला. त्याला हळदीकुंकू लावायला आलेल्या आईने विचारले की, यातला नेमका संगणक कोणता? टेबलावर टीव्हीसारखा मॉनिटर होता, त्याच्यापुढे कीबोर्ड होता आणि शेजारी पांढुरक्या पत्र्याची एक पेटी होती. ते सगळे घेऊन आलेल्या दुकानातल्या मुलाने पेटीकडे बोट दाखवून "हा सीपीयू" असे सांगितले आणि आईने पेटीलाच कुंकू लावले. आमच्याकडे आजही त्या पेटीला सीपीयूच म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या पेटीच्या पोटात एका बिस्किटाएवढा असतो आणि त्याला कुणी कधी कुंकू लावलेले नाही.

साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत बाबांचा टायपिंगचा व्यवसाय होता. अर्ज, करारनामे, भाडेपट्टे यांच्या जोडीने लग्नपत्रिकांची कामे मिळू लागली, तेव्हा टाइपरायटर बाजूला सारून त्यांनी 40 हजारांच्या वर रक्कम मोजून हा संगणक असेंबल करून घेतला. पेंटियम 166 एमएमएक्स प्रोसेसर, इंटेलच्या 430टीएक्स चिपसेटचा (म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिपांचा) मदरबोर्ड, 16 एमबी रॅम, 2.1 जीबीची हार्डडिस्क, एस3च्या चिपचे 1 एमबी मेमरी असलेले ग्राफिक्स कार्ड, 1.44 एमबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणि विंडोज 95. ही यादी मला अजून पाठ आहे, कारण त्या वयात गल्लीतल्या मुलांना मी ती क्रिकेटच्या संघासारखी म्हणून दाखवत असे.

2004च्या सुमारास नवा संगणक आला आणि जुना माळ्यावर गेला. तो गेल्या मे महिन्यात खाली काढण्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. गल्लीतल्या मंडळाची एक स्मरणिका बाबांनी 1999मध्ये टाइप करून दिली होती आणि मंडळाला ती आता पुन्हा छापायची होती. फाइल सीडीवर जपलेली होती, पण नव्या संगणकावर ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसे. युनिकोड आपल्याकडे रुळण्यापूर्वीचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवून चालत. काना एका कळीवर, अर्धा 'श' दुसऱ्या, आणि कोणता तुकडा कुठे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. बाबांचे ते सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायच्या एका कुलपाशिवाय चालू होत नसे. कुलूप घरात होते. ज्या दाराला ते लागते ते दार माळ्यावर होते. "अरे, चालू होतंय का बघ की एकदा," असे बाबा म्हणाले, आणि माझे पुढचे तीन आठवडे त्या पेटीत गेले.

पेटी उघडल्यावर आधी दिसली ती धूळ, पण ती साधी धूळ नव्हती. आमच्या घरामागे पूर्वी यंत्रमागांचे दोन कारखाने होते आणि दिवसभर खटक-खटक चालणाऱ्या त्या मागांतून उडणारी सुताची मऊ तूस खिडकीतून आमच्या घरात येत असे. संगणकाचा पंखा हवा आत ओढतो, त्यामुळे पाचसहा वर्षे त्याने ही तूस निष्ठेने गोळा केली होती. प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये ती इतकी घट्ट बसली होती की, चिमट्याने टोक धरून ओढल्यावर तिचा सबंध थर टॉवेलच्या तुकड्यासारखा एकसंध निघून आला. त्यात लाल आणि हिरवा धागाही होता. चादरींच्या शहरातला संगणक आतून असाच असणार! वेळ मिळाल्यास त्याने स्वतःच एखादी चादर विणली असती. उन्हाळ्यात दुपारी तो अधूनमधून आपोआप का थांबत असे, याचा उलगडा मात्र तिथेच झाला.

त्यानंतरचे काम एसएमपीएसचे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचे, आणि इथे घाई केली तर बोर्ड कायमचा जातो. हा जुन्या एटी पद्धतीचा पुरवठा आहे. त्यातून बोर्डाकडे पी8 आणि पी9 असे दोन वेगळे प्लग येतात. दोन्ही सारख्याच मापाचे असल्यामुळे ते उलटसुलट बसू शकतात, आणि तसे बसले तर जिथे जमीन, म्हणजे शून्य व्होल्ट, असायला हवी तिथे 5 व्होल्ट पोचतात. म्हणून हे काम करणाऱ्या सगळ्यांचा एकच मंत्र असतो, काळ्याला काळी. दोन्ही प्लगच्या काळ्या तारा मधोमध शेजारीशेजारी आल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट म्हणजे पेटीच्या दर्शनी भागावरचे बटण. आजच्या संगणकाचे बटण बोर्डाला नुसता इशारा देते, पण एटी पेटीत भिंतीतल्या प्लगचे 230 व्होल्ट एका जाड केबलमधून थेट त्या बटणापर्यंत आलेले असतात. म्हणूनच विंडोज 95 स्वतः संगणक बंद करू शकत नसे आणि 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' असे पडद्यावर लिहून आपली वाट पाहत बसे. मी त्या बटणाच्या चारही जोडांवर नवे इन्सुलेशन चढवले, एसएमपीएसमधले दोन फुगलेले कपॅसिटर बदलले आणि बोर्डाला न जोडता, एका जुन्या हार्डडिस्कचे ओझे देऊन, मल्टिमीटर लावला. लाल तारेवर 5.04, पिवळीवर 11.9. पुरेसे होते.

बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मेलेला होता, तो शेजारच्या किराणा दुकानातूनही मिळतो. तो बदलल्यावर, तारीख भरल्यावर आणि रॅमच्या कडा खोडरबराने घासल्यावर तिसऱ्या प्रयत्नात एक छोटी 'बीप' आली. एकच बीप म्हणजे सगळे ठीक. दुसऱ्या खोलीतून बाबांनी "झालं?" असे विचारले.

खरे तर इथे थांबायला हवे होते, कारण स्मरणिकेपुरते काम झाले होते. पण यंत्र चालू झाले की ते आणखी कुठवर जाऊ शकते, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही, आणि या यंत्राच्या बाबतीत त्या प्रश्नाची उत्तरे फार गमतीची आहेत. त्या काळच्या बोर्डावर प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज ठरवण्यासाठी जंपर असतात. बारीक पिना आणि त्यांच्यावर बसवायच्या नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या टोप्या. टोपी घातली की जोडणी होते, काढली की तुटते. बाबांना हे पहिल्याच दिवशी कळले होते. आमच्या मागच्या कारखान्यात जकार्डवर चादरीची नक्षी जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर उतरवलेली असे. पत्त्यावर छिद्र असले की तिथला आकडा ताणाचा दोरा उचलतो, छिद्र नसले की दोरा खालीच राहतो. "म्हणजे हे पत्ते बोर्डावरच बसवलेत," असे ते जंपर बघून म्हणाले होते.

माझ्या बोर्डावर प्रोसेसरचा गुणक ठरवायला दोनच जंपर आहेत. दोन जंपरांच्या चारच जोड्या होतात. बोर्डाची घड्याळगती 66 मेगाहर्ट्झ, आणि तिला दीडपट, दुप्पट, अडीचपट किंवा तिप्पट करता येते. आमचा 166 म्हणजे अडीचपट. मग टेबलावरच्या संगणकांसाठीच्या पेंटियम एमएमएक्समधला सर्वांत वेगवान, 233चा प्रोसेसर कसा बसायचा, त्याला तर साडेतीनपट हवी? इंटेलने यावर काढलेली तोड मला फार आवडते. दीडपटीची जोडी तोवर निरुपयोगी झाली होती, कारण एवढा मंद एमएमएक्स प्रोसेसर कुणी बनवतच नव्हते. म्हणून 233च्या चिपने दीडपटीचा संकेत आपल्यापुरता साडेतीनपट असा वाचायचा. बोर्ड दीडपट सांगतो, चिप साडेतीनपट पळते आणि दोघांचेही समाधान होते. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीने हीच युक्ती पुढे नेली. त्यांच्या के6-2 मालिकेतल्या नंतरच्या चिप दुप्पटीचा संकेत सहापट असा वाचतात, म्हणजे 66च्या याच बोर्डावर 400 मेगाहर्ट्झ. जुन्या यंत्रांच्या नादी लागलेले लोक या वाक्याशी पोचले की त्यांचे डोळे चमकतात, आणि माझेही चमकले.

पण चारशेचा हिशेब गुणकावर संपत नाही. एमएमएक्सच्या गाभ्याला 2.8 व्होल्ट लागतात, के6-2ला 2.2. एटी पुरवठ्यातून बोर्डाला मिळतात 5 व्होल्ट, आणि माझ्या बोर्डावरचा रेग्युलेटर साध्या, लिनिअर प्रकारचा आहे. म्हणजे वरचे व्होल्ट तो नुसते उष्णता करून उधळतो. पाचातून 2.2 वापरायचे तर 2.8 वाया जाणार. जेवढी ऊर्जा प्रोसेसर वापरील त्याहून जास्त त्या रेग्युलेटरच्या पत्र्यावर नुसती तापणार, आणि तीही सोलापूरच्या मे महिन्यात, जिथे पंख्याखाली ठेवलेले पाणीसुद्धा कोमट असते. दुसरी अडचण विंडोज 95चीच. 350 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वेगवान के6-2वर ते सुरू होतानाच कोलमडत असे, कारण यंत्राचा वेग मोजण्यासाठी त्यात एक छोटे आवर्तन फिरवलेले आहे, आणि या चिपवर ते इतक्या लवकर संपे की मोजलेला वेळ शून्य येई आणि शून्याने भागाकार होई. त्यावर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली होती, ती आजही मिळते. तरीही, वेग मोजणाऱ्यालाच वेग न झेपल्यामुळे मान टाकणारे यंत्र मला घरात नको होते. मी जुन्या सुट्या भागांतून 233चा एमएमएक्स मिळवला, नवी थर्मल पेस्ट लावली, जंपर दीडपटीवर ठेवले आणि 166चा प्रोसेसर आईच्या देवघरातल्या एका रिकाम्या डबीत ठेवून दिला. तिला विचारले नव्हते, पण तिने तो काढलेला नाही.

हार्डडिस्क चालत होती, मात्र तिचा आवाज शिट्टीसारखा झाला होता आणि तो ऐकत काम करणे म्हणजे आजारी माणसाकडून हमाली करून घेण्यासारखे होते. आयडीई पद्धतीने जोडलेल्या जुन्या डिस्कच्या जागी आज सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे कॅमेऱ्यात वापरले जाणारे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. ते कार्ड आयडीईचीच भाषा बोलते, त्यामुळे मधल्या अडॅप्टरला भाषांतर करावे लागत नाही. तो फक्त पिनेला पिन जोडून देतो. मी 4 जीबीचे घेतले. त्या काळच्या अनेक बायोसना, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामना, 8.4 जीबीच्या पलीकडचे दिसत नाही, आणि माझ्या बोर्डाची पंचाईत तीच आहे. त्याला मोठे कार्ड देणे म्हणजे वाया घालवणे. विंडोज 95च्या आमच्या मूळ आवृत्तीत फॅट16 ही फाइलपद्धती होती. तिच्यात 2 जीबीच्या विभागात प्रत्येक फाइल निदान 32 केबी जागा अडवते, मग ती दोन ओळींचे पत्र का असेना. बाबांची पत्रे मोजली तेव्हा साधारण 3 केबीची एकेक निघाली. म्हणजे डिस्क भरली म्हणून त्यांनी ज्या फाइली फ्लॉपीवर टाकून पुसल्या होत्या, त्यांनी अडवलेली बरीचशी जागा मुळात रिकामीच होती! 1996च्या सुधारित आवृत्तीपासून आलेल्या फॅट32मध्ये एवढ्या आकाराच्या विभागात हा तुकडा 4 केबीचा असतो, म्हणून मी तीच आवृत्ती टाकली.

ग्राफिक्स कार्डावर आणखी दोन चिप बसवण्याची रिकामी खोबणी होती आणि ती बाबांनी 1998मध्येच भरून घेतली होती. त्यांचा हिशेब साधा होता. 1 एमबीत 800 गुणिले 600चा पडदा 65 हजार रंगांत मावतो. 1024 गुणिले 768 घ्यावा तर मात्र 256 रंगांवर भागवावे लागते, कारण तोच पडदा 65 हजार रंगांत दीड एमबी मागतो. लग्नपत्रिका पूर्ण दिसावी तर गणपती फिका पडे, आणि गणपतीला रंग यावा तर पत्रिकेच्या खालचा 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं' हा मजकूर पडद्याबाहेर जाई. त्या दोन चिपनी तो तंटा मिटवला. या पेटीत झालेल्या सगळ्या खर्चांत सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च तोच, असे माझे मत आहे.

बाकीच्या वाटांवर मी फार रेंगाळलो नाही. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह घेणारे एक छोटे यंत्र मिळते, ते बोर्डाला आपण फ्लॉपी असल्याचेच भासवते, ते बसवले. नेटवर्क कार्ड बसवले. साउंड कार्डाला हात लावला नाही. या वयाच्या यंत्रांत हौशी मंडळी व्हूडूचे खेळांचे कार्ड आवर्जून घालतात, आणि ते देखणे असते यात वाद नाही, पण ज्या यंत्रावर मला पत्त्यांचा डाव मांडायलाही परवानगी मागावी लागे, त्याला उतारवयात खेळांचे कार्ड लावणे मला प्रशस्त वाटले नाही.

राहिली रॅम. पेटीच्या तळाशी, ड्राइव्हच्या रिकाम्या कप्प्यात, एक रुपेरी पिशवी सापडली होती. आत 128 एमबीची रॅमची पट्टी आणि तिच्याभोवती रबरबँडने गुंडाळलेले 2001चे बिल. ते पाहिल्याबरोबर मला त्या वर्षातले भांडण आठवले.

सुरुवातीच्या 16 एमबीचे पुढे 32 झाले होते. पेंटियमची मेमरीची वाट 64 बिटांची आणि तेव्हाची 72 पिनांची पट्टी 32 बिटांची, त्यामुळे पट्ट्या जोडीनेच बसवाव्या लागत. आमच्याकडे अशा चार झाल्या होत्या. पाने जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये फोटो असलेले काम घेतले की यंत्र डिस्क खरवडत बसे. 2001 साली मेमरीचे भाव जगभर कोसळले आणि जी गोष्ट बाबांच्या स्वप्नातही नव्हती ती आवाक्यात आली. त्यांना पटवणारा मी होतो. 168 पिनांची नवी पट्टी एकटीच 64 बिटांची असते आणि आपल्या बोर्डावर तिच्यासाठी दोन खाचा आहेत, हे मी त्यांना पुस्तिकेत दाखवले. पुस्तिकेत तर 256 एमबीपर्यंत मुभा होती. बाबा म्हणाले, एवढी नको, निम्मी आण.

कन्ना चौकाजवळच्या ज्या दुकानातून ती आणली, ते एका तेलुगूभाषक तरुणाने नुकतेच काढले होते. त्याने स्वतः घरी येऊन जुन्या चारही पट्ट्या काढल्या आणि नवी दाबून बसवली. दोन्ही बाजूंच्या कड्या टकटक लागल्या. पडद्यावर मोजणी 131072वर थांबली. बाबांनी पैसे दिले. तो गेला आणि यंत्र मंद झाले.

हा माझा भास नव्हता. विंडोज उघडायला आधीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. मेनूवर टिचकी मारली की तो क्षणभर विचार करून उघडे. टाइप केलेले मराठी अक्षर पडद्यावर थोडे मागून येई, आणि टायपिंगवर पोट असलेल्या माणसाला ते मागून येणे असह्य असते. चौपट रॅम घालून यंत्र मंद होते, याला एकच स्पष्टीकरण असू शकते असे बाबांना वाटले. ते दुकानात गेले. त्या मुलाने पट्टी आपल्या यंत्रावर लावली, तिथे ती बिनबोभाट चालली. "काका, पट्टी चांगली हाय की. बघा तुम्हीच." बाबा म्हणाले की, तुझी वस्तू तुझ्याच तराजूत तोलून मला काय दाखवतोस? आवाज चढले. मी शेजारी उभा होतो आणि पट्टीची कल्पना माझी होती हे त्याला कळू नये, म्हणून गप्प होतो. पैसे परत मिळाले नाहीत. घरी येऊन बाबांनी जुन्या चार पट्ट्या पुन्हा बसवून घेतल्या, नवी बिलात गुंडाळली आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. 'फसवलं' हा शब्द ते मोजून वापरतात, पण त्या मुलाबाबत तो त्यांनी गल्लीत निदान चार जणांपुढे वापरला होता.

मला खरे कारण कळायला वीसेक वर्षे गेली. प्रोसेसरला रॅमचा वेग पुरत नाही, म्हणून त्या बोर्डांवर मध्ये 512 केबीची एक लहान पण चपळ मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. किराणा दुकानात नेहमी लागणारा माल गल्ल्यामागच्या फळीवर असतो आणि बाकीचा गोदामात, तसे ते आहे. पण फळीवर कोणता माल गोदामातल्या कोणत्या खणातला आहे, याची एक वहीही ठेवावी लागते. 430टीएक्स या चिपसेटच्या वहीत पहिल्या 64 एमबीच्याच खणांची नोंद करण्याची सोय आहे. तो रॅम 256 एमबीपर्यंत घेतो, वापरूही देतो, पण 64च्या पलीकडच्या खणांतला माल फळीवर कधीच येत नाही. दर वेळी गोदामात जावे लागते. त्यावर कडी म्हणजे विंडोज 95 मेमरी भरायला सुरुवात करते ती वरच्या टोकाकडून. म्हणजे 128 एमबी दिल्याबरोबर विंडोज स्वतःच नेमके जाऊन बसले ते बिननोंदीच्या खणांत. त्याआधीच्या 430एचएक्स चिपसेटमध्ये जास्तीची वही लावून 512 एमबीपर्यंत नोंद करता येत असे. टीएक्स घरगुती यंत्रांसाठी होता आणि 1997मध्ये घरात 64हून जास्त रॅम कुणी घालील असे गृहीत धरायला कारणही नव्हते. यावर प्रोसेसरच्या बाजूने एक उपाय निघतो. एएमडीच्या के6-3मध्ये 256 केबीची कॅश चिपच्या आतच असते आणि तिला बोर्डाच्या वहीची गरज पडत नाही. पण तो प्रोसेसर दुर्मीळ, आणि रेग्युलेटरचे रडगाणे पुन्हा तेच.

मला उपायापेक्षा पुरावा हवा होता. मी ती रुपेरी पिशवी उघडली, पट्टी बसवली आणि मनगटावरचे घड्याळ काढून बाबांच्या हातात दिले. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसून डिस्कचा दिवा शांत होईपर्यंत 1 मिनिट 49 सेकंद. दुसऱ्यांदा 1 मिनिट 51. मग सिस्टिम डॉट आयएनआय ही विंडोजच्या सेटिंगची फाइल उघडून एक ओळ टाकली, 'मॅक्स फिज पेज', बरोबरचे चिन्ह आणि 4000. हा आकडा सोळाच्या पद्धतीतला असतो. आपल्या मोजणीने 16384 पाने, एकेक पान 4 केबीचे, म्हणजे बरोबर 64 एमबी. पट्टी तीच, बोर्ड तोच, फक्त अर्धी पट्टी नाही असे विंडोजला सांगितले. पुन्हा बटण दाबले.

1 मिनिट 17 सेकंद.

बाबांनी घड्याळ कानाला लावून पाहिले. मग मी पेजमेकर उघडला आणि खुर्ची त्यांना दिली. 76व्या वर्षी त्यांची बोटे पूर्वीसारखी धावत नाहीत, पण पहिल्या ओळीतच त्यांना फरक कळला, कारण अक्षर बोटाबरोबर येत होते. त्यांनी तीनचार ओळी टाइप केल्या, पुसल्या आणि मला ती वहीची गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावली. ती संपल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे आपला चिपसेट काय आहे हे बोर्ड विकणाऱ्याला तरी ठाऊक होतं का?" मी म्हणालो, नसावं. ते म्हणाले, "मग त्या पोराला कुठून असणार?"

स्मरणिकेचे काम पुढच्या चार दिवसांत उरकले. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची कटकट वेगळी आणि कंटाळवाणी आहे. पट्टी मी आता काढून ठेवली आहे आणि तिच्या जागी 64 एमबीची बसवली आहे, त्यामुळे ती ओळही फाइलमधून पुसली.

एका संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, रुपेरी पिशवी खिशात टाकली आणि मला स्कूटर काढायला सांगितले. कन्ना चौकाजवळचे ते दुकान अजून आहे. आता तिथे मोबाइलची कव्हरे आणि सीसीटीव्हीचे कॅमेरे मिळतात. गल्ल्यावरचा माणूस पन्नाशीकडे झुकलेला, चष्मा लावलेला. बाबांनी कव्हरांच्या काचेवर पिशवी ठेवली, बिल उलगडले आणि एखादे निवेदन वाचून दाखवावे तसे चिपसेट, वही, 64 एमबी आणि विंडोजची उलटी सवय हे सगळे न अडखळता सांगितले. शेवटी म्हणाले, "तुझी पट्टी चांगली होती. चूक माझी."

त्याने बिल उजेडात धरले. "अक्षर तर माझंच हाय," असे म्हणाला. मग पट्टी हातात घेऊन तिच्या चिपवरून अंगठा फिरवला. "काका, तुम्ही गेल्यावर त्या रात्री मी दुकान बंद केलोच नाही. हिला तीन मशिनीवर लावून बघितलो. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय." पोराला चहा सांगितला आणि पट्टी पुन्हा पिशवीत घालून, रबरबँड लावून, बाबांच्या पुढे सरकवली.

"पण आता आणलाव व्हय? वॉरंटी संपली की."